आपल्याच कम्प्युटरात भाडेकरू म्हणून सुखाने कसं राहावं

सगळ्यात आधी 'माझा कम्प्युटर' म्हणायचं सोडा. पैसे तुम्ही मोजलेत, धूळ तुम्ही पुसता, वीजबिल तुमच्या नावावर येतं, सगळं मान्य. पण विंडोज एक्स्पीत त्या आयकॉनखाली 'माय कम्प्युटर' लिहिलेलं असायचं, व्हिस्टात नुसतं 'कम्प्युटर' राहिलं आणि ८.१ पासून 'धिस पीसी' झालं. दारावरच्या पाटीतून 'माय' पुसला गेला, तेव्हाच तुम्ही काय ते ओळखायला हवं होतं.

दुसरं, 'नको' हे बटण शोधत बसू नका. ते नसतं. 'आत्ता' असतं आणि 'नंतर आठवण करा' असतं. मुलीचं लग्न ठरवायलाच जन्माला आलेली एखादी आत्या असते ना, तिला तुम्ही कधी 'नको' म्हणू शकलात का? 'बघू दिवाळीनंतर' म्हणता आणि दिवाळीनंतर ती खरंच येते. तसंच हे. २०१६ साली विंडोज १० च्या अपग्रेडची खिडकी यायची. लोक तिचा कोपऱ्यातला लाल फुलीचा चौकोन दाबून ती बंद करायचे आणि सुटलो म्हणायचे. फुली म्हणजे नकार, हे आपण तोवर वीस वर्षं शिकलो होतो. इथे मात्र ठरलेली तारीख फुलीने रद्द होत नव्हती. कम्प्युटर ठरल्या वेळी गुपचूप बोहल्यावर चढायचा. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंनी या जबरदस्तीच्या अपग्रेडपायी कोर्टात जाऊन मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर वसूल केले. तुम्ही असला आततायीपणा करू नका. आपल्याकडे तारखा कशा पडतात ते ठाऊक आहे.

तर असं ते विंडोज १० गळ्यात पडलं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने एका परिषदेत सांगून टाकलं होतं, की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. लोकांनाही हायसं वाटलं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. आता तुम्ही स्वतःहून 'घ्या मला' म्हणत गेलात, तर पत्रिका मागितली. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आहे का? प्रोसेसर कितव्या पिढीतला? इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर बहुतेक वेळा गुण जुळत नाहीत. मशीन धडधाकट आहे, चालतंय, त्यावर पोरांचे प्रोजेक्ट होतात, हिशेब होतात, हे सांगायचं नाही. नको होतं तेव्हा गळ्यात बांधलं आणि हवं झालं तेव्हा मंगळ निघाला. यात विसंगती दिसत असेल, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. घरमालक दयाळू असल्याने एक वर्षाची मुदत दिली. ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप आमच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या. यातला तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो. हे पॉइंट बिंगवर सर्च करून जमतात. तेव्हा रोज पहाटे उठून, हात जोडून बिंगवर 'पोह्यात कांदा किती' वगैरे शोधा. पुण्यसंचय होईल आणि त्यातून वर्षभराची सुरक्षा मिळेल. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी मात्र आरडाओरडा केला आणि तिकडच्या लोकांची बॅकअपची अट गेली, मुदतही फुकटात मिळाली. भांडकुदळ लोक. आपण सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा जात नाही, आपल्याला हे शोभणार नाही.

विंडोज ११ वाल्यांनीही फार हसू नये. त्यांच्यासाठी मे २०२४ मध्ये रिकॉल जाहीर झालं. दर काही सेकंदांनी तुमच्या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे गेल्या मंगळवारी काय बघत होतात ते सापडेल. चित्रगुप्ताने इतकी वर्षं जे फुकट केलं, त्यासाठी आता खास नवा लॅपटॉप घ्यायचा. ही चोपडी नीट कुलूपबंदही नाही, हे तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर बेत लांबला आणि मर्जी असेल तरच चालू करा, असं ठरलं. मर्जी! हा शब्द पुन्हा ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

आणि घरात कोणाचं अक्षर चांगलं असेल तर त्याची कदर करा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास बॉलपेनने लिहून दिले गेले. कित्ता गिरवलेली माणसंच त्या दिवशी कामाला आली.

चला, उशीर झाला. आता मशीन बंद करा. 'शट डाऊन' शेजारी 'अपडेट करून शट डाऊन' दिसेल, तेच दाबा आणि झोपायला जा. सकाळी उठल्यावर ते बंद न होता रात्रभर चालू होतं असं दिसलं, तर बायकोवर किंवा मुलावर ओरडू नका. विंडोजमधली ही जुनीच खोड आहे. विंडोज ११ पुरती ती अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाली. दुरुस्ती अर्थातच अपडेटमधून मिळते. त्यासाठी तेच बटण पुन्हा दाबायचं.