महाराष्ट्राएवढा मतदारसंघ

परिसीमनाची, म्हणजे मतदारसंघांच्या फेरआखणीची, चर्चा तापल्यापासून आमच्या ब्रह्मपुरीच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला अचानक भाव आलाय. मामेभावानं लिहिलं, "भाऊ, तुमच्या तिकडं सत्तावीस हजार लोकांले एक खासदार भेटते, अन् आमच्या विदर्भाच्या जागा काढून पुण्या-ठाण्याले देऊन राहिले. लिही ना यावर."

त्याचा आकडा बरोबर आहे. मी राहतो ते लॅब्राडोर सिटी हे कॅनडातलं लोखंडाच्या खाणीचं गाव, आणि आमच्या लॅब्राडोर मतदारसंघाची २०२१ची लोकसंख्या २६,६५५. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंसंच कमी. महाराष्ट्राचे ४८ खासदार, आमचा एक. न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांताच्या बाकी सहा जागा न्यूफाउंडलंड बेटावर, आणि तिथं एकेका खासदारामागे ८० हजारांच्या आसपास माणसं. कायदा सरासरीपेक्षा पंचवीस टक्के कमी-जास्त चालवून घेतो, 'असाधारण परिस्थिती' असेल तर त्याहूनही जास्त. लॅब्राडोर त्या अपवादात बसतं.

असाधारण म्हणजे काय, ते मला जुलै २०२४ मध्ये कळलं. वणवा गावाजवळ आला आणि अख्खं लॅब्राडोर सिटी रिकामं करायचा हुकूम निघाला. सगळ्यांना जायचं होतं हॅपी व्हॅली-गूस बेला, पाचशेहून जास्त किलोमीटरवर, एकाच रस्त्यानं. मध्ये चर्चिल फॉल्स सोडलं तर गाव नाही. बायकोनं पासपोर्ट घेतले, कागदपत्रांची फाइल घेतली आणि मळलेल्या कणकेचं भांडं घेतलं. ते का, हे तिला अजून सांगता आलेलं नाही. गाड्यांची रांग, मागे नारिंगी आभाळ. आमच्या नशिबात निदान रस्ता तरी होता. उत्तर किनाऱ्यावरच्या नेनला तोही नाही: उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबील, नाहीतर छोटं विमान. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तुटणारं भामरागड मला त्या प्रवासात सारखं आठवत होतं.

तेव्हा स्वतंत्र जागा हवीच. पण तिच्यानं काय मिळालं, तेही मामेभावानं ऐकावं. २०११ मध्ये इथं पीटर पेनाशू हे इन्नू या इथल्या आदिवासी समाजाचे, कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे उमेदवार फक्त ७९ मतांनी निवडून आले आणि थेट केंद्रात मंत्री झाले. दहा हजारांहून थोडी जास्त मतं पडली होती, त्यातली ७९! आमच्याकडे तेवढी मतं एका वाड्यात सापडतील. २०१३ मध्ये प्रचारातल्या नियमबाह्य देणग्यांवरून त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि पोटनिवडणुकीत विरोधी लिबरल पक्षाच्या इव्हॉन जोन्स जिंकल्या. पुढच्याच वर्षी शेजारच्या वाबुशची खाण बंद पडली. खासदार विरोधी पक्षाचा, सत्तेतला की मंत्री, हे लोखंडाचा भाव विचारत नाही. गाडी मात्र चालूच असते, दोनशेहून जास्त वाघिणींची, खनिज घेऊन शेजारच्या क्वेबेक प्रांतातल्या सेत-इल बंदराकडे.

कँटीनमधलं रडगाणं मला तोंडपाठ आहे, कारण तसलंच मी ब्रह्मपुरीत लहानपणापासून ऐकलंय. "आमचं लोखंड, आमचं पाणी, आणि पैसा सगळा बेटावर." चर्चिल फॉल्सच्या धरणाची बहुतेक वीज १९६९च्या कराराप्रमाणे २०४१ पर्यंत क्वेबेकला जायची, तीही युनिटला एक पंचमांश सेंट दरानं. ज्या इन्नूंची जमीन त्या धरणाखाली गेली त्यांना तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं. चंद्रपूरचा धूर आमच्याकडे आणि वीज मुंबईकडे, हे वाक्य आमच्या आबांचं. प्रांताच्या नावात लॅब्राडोर आलं ते २००१ मध्ये. आपल्याकडे नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, तसला मान.

म्हणून 'जागा वाचल्या की विदर्भ वाचला' हे मला पटत नाही. २००८ मध्ये विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, खरं आहे. पण त्या गेल्या कुणामागे? मामेभावाचा पोरगा हिंजवडीत आहे, धाकटा भाचा ठाण्यात. जागा आपल्याच पोरांच्या मागं गेल्या. शिवाय गडचिरोली म्हणजे लॅब्राडोर नव्हे. २०११च्या जनगणनेत एकट्या त्या जिल्ह्यात पावणेअकरा लाख माणसं होती.

मला इथून उचलावीशी वाटते ती वेगळी गोष्ट. लॅब्राडोरची सीमा ही लोकांच्या मनातली सीमा आहे. त्यांचा वेगळा झेंडासुद्धा आहे, हिरवा-पांढरा-निळा, स्प्रूस झाडाच्या डहाळीचा. खाणवाला आणि नेनचा शिकारी यांचं एकमेकांशी पटत नसलं तरी दोघेही स्वतःला लॅब्राडोरचेच म्हणतात. गडचिरोली-चिमूर मात्र तीन जिल्हे टाके घालून शिवलंय. आमगावचा धान पिकवणारा शेतकरी आणि सुरजागडच्या लोहखाणीच्या लाल धुळीत ट्रक मोजत बसलेला एटापल्लीचा माणूस एकाच खासदाराकडे जाणार, आणि तो खासदार आधी कुणाचं ऐकणार? आपण आकड्यावर भांडतो. रेषा कुठून काढता, यावर कुणी भांडत नाही.

एप्रिल २०२५च्या निवडणुकीत एका पक्षाचा कार्यकर्ता दारात आला होता, बुटांचा बर्फ झटकत. विमानाची तिकिटं, घरभाडी, ट्रम्पचे टॅरिफ, सगळं तन्मयतेनं बोलला. मग विचारलं, "सिटिझन?" मी म्हटलं, अजून नाही, पीआर, नुसता कायमचा रहिवासी. तरीही तो चहा घेऊन गेला. २८ तारखेला लिबरल फिलिप अर्ल जिंकले. मी कर इथं भरतो, मत देत नाही.

ब्रह्मपुरीच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून माझं नाव आहे, पण त्यासाठी स्वतः बूथवर उभं राहावं लागतं. टपालानं चालत नाही. १९ एप्रिल २०२४ ला मामेभावानं ग्रुपवर शाई लावलेल्या बोटांचा फोटो टाकला होता. मामी, तो, वहिनी, दोन्ही पोरं. खाली लिहिलं होतं, "एक बोट कमी हाय."