पाकिटातले सातशे रुपये

"मोबाइलने गाणं संपवलं. पूर्वी लोक तासन्‌तास राग ऐकत, आता तीस सेकंदांत पुढे सरकवतात. कॅसेटच्या काळात कलाकाराला पैसा मिळायचा, तोही गेला. उरलंसुरलं एआय गिळणार." हा मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपांवर आला. त्यातला एक सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासच्या पालकांचा. मी तबल्याची साथ करतो, शिकवतो. असं वाचून पालक मुलांचं शिकणं थांबवतात, म्हणून हे उत्तर.

आधी ते तीस सेकंद. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तेवढ्या वेळात राग उभा केला. म्हणून मैफल थांबली का? त्यांचेच शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव होतो आणि मुकुंदनगरला डिसेंबरच्या थंडीत लोक आजही शाल गुंडाळून पाच-पाच तास बसतात. एक मात्र मान्य. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर तीस सेकंद वाजलं तरच गाणं मोजलं जातं, म्हणून सुरुवातीचे म्युझिक पीस छाटले जातात. मला ते खुपतं.

कॅसेटच्या पैशाचं मी स्वतः पाहिलंय. नव्वदच्या दशकात भक्तिगीतांच्या एका कॅसेटवर वाजवलं. दोन शिफ्ट, आठ गाणी. शेवटी व्हाउचरवर सही आणि पाकिटात सातशे रुपये. ती कॅसेट गणपतीत मांडवामांडवांत वाजली, पण आतल्या कार्डावर वादकांपैकी कुणाचंही नाव नव्हतं. संगीतकाराकडूनही एकरकमी पैशांत सगळे हक्क लिहून घेतले होते. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वाजेल तसे मिळणाऱ्या पैशांतला, आपला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. हे कॅसेटच्या सुवर्णकाळात नव्हतं!

आणि पैसा गेलेलाही नाही. २०२४ साली ध्वनिमुद्रित संगीताची जगभरातली कमाई २९.६ अब्ज डॉलर होती, त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त स्ट्रीमिंगची, म्हणजे इंटरनेटवरून थेट ऐकलेल्या गाण्यांची. रागवायचंच तर वाटपावर रागवा: वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४पासून काहीच देत नाही. माझ्या विद्यार्थ्यांची बहुतेक गाणी त्यातच मोडतात.

एआयची भीती मलाही वाटते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची विनापरवाना नक्कल करायला अंतरिम मनाई केली. पण नवख्या गायिकेने वकील कुठून आणायचा? गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीला जाहिरातीच्या जिंगलचं काम आलं. करारात लिहिलं होतं, 'आवाजाचा वापर सर्व माध्यमांत, पुढे येणाऱ्या सर्व तंत्रांत, कायमस्वरूपी'. फोनवरचा तानपुरा बंद करून आम्ही तो कागद ओळन्‌ओळ वाचला. तेवढी ओळ खोडून तिने तो परत पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.