आजीने कॉलेज गेटच्या बाहेरूनच बघायचं का?

तिसऱ्यांदा झालं हे. घरचे साताऱ्याहून रात्रभर एसटीने येतात आणि आमच्या ठाण्यातल्या कॉलेजच्या गेटवर दरवेळी तेच, "आयडी नाही तर आत सोडणार नाही." अहो आयडी माझ्याकडे आहे ना, मी सोबत आहे ना, वहीत नाव लिहा, आधार बघा, काय हवं ते करा! नाही म्हणजे नाही. फी घेताना पालक चालतात, ॲडमिशनच्या फॉर्मवर त्यांची सही चालते, मग वर्ग बघायला का चालत नाहीत?

आजी गेटची जाळी धरून विचारतेय, "तुझी खोली कुठली रे?" आणि मी बोटाने तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवतोय. लाडवांची पिशवी तिच्या हातात तशीच. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

मग नेहमीसारखं तलावपाळी, कोपिनेश्वराचं दर्शन, मामलेदारची मिसळ (आईला तिखट झेपत नाही तरी खाते). स्टेशनवर बाबांना सांगितलं, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली पॅसेंजर गाडी इथेच आली, तर केवढे खूष झाले! अख्खं ठाणं फिरवलं त्यांना. पण ते आले होते माझं कॉलेज बघायला, ते राहिलंच ना?