वेबसाईट नवी करताय? करा, करा!

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा प्रकल्पाची वेबसाईट तुम्हाला जुनाट दिसते? मग थांबू नका. ठाण्याहून वाशीची लोकल पकडा, खिडकी मिळाली तर घणसोलीपर्यंत नवं डिझाईन तयार! इतकी वर्षं ती कोण सांभाळतंय ही चौकशी करू नका. केलीत तर उत्तर मिळेल.

साधी, ह्यूगोवर (आधीच तयार पानं बनवून ठेवणाऱ्या साधनावर) चालणारी साईट म्हणजे मागासलेपण. चार परिच्छेद दाखवायला भलीमोठी वेब-ॲप्स बांधायचं रिअ‍ॅक्ट हवंच.

डाउनलोडचं बटण सरकत्या चित्रांच्या खाली ढकला. ज्याला गरज आहे तो शोधेल.

पानांचे पत्ते मात्र आवर्जून बदला. चांगले पत्ते बदलत नाहीत, असं टिम बर्नर्स-ली १९९८ सालीच लिहून गेलेत. पण त्यांनी काय, नुसतं वेब शोधलं! जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारं ३०१ बिलकूल टाकू नका. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका उत्साही गृहस्थांनी हेच केलं. शंभरावर फायलींची एकच पुल रिक्वेस्ट ('माझे बदल घ्या' अशी विनंती), वर्णनात दोन शब्द: 'न्यू लुक'. पोराचा हिरमोड नको म्हणून आमच्यातल्या एकाने ती मर्जही केली, म्हणजे बदल साईटमध्ये घेऊन टाकले. दुसऱ्या दिवसापासून जिथे टिचकी मारावी तिथे ४०४, 'पान सापडलं नाही'. मराठी पानं तर कुणी उघडूनच पाहिली नव्हती. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे वेलांट्या-मात्रा वरून छाटलेल्या. 'मोफत'चं 'माफत', आणि भाषांच्या यादीत 'मराठी'च्या जागी चक्क 'मराठा'! साईटशी जोडणी सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं; ते आपोआप नवं करणारी स्क्रिप्ट 'जुना कचरा' म्हणून उडवलेली. ते कळलं कधी? ब्राउझर लोकांना लाल पाटी दाखवायला लागला तेव्हा. माझे दोन रविवार जुने पत्ते नव्यांना जोडण्यात गेले. घोडबंदर रोडला अडकलो होतो तेव्हासुद्धा मांडीवर लॅपटॉप. (बायको गाडी चालवत होती. काय बोलली ते इथे लिहीत नाही.)

आणि गृहस्थ? त्यांना नोकरी लागली. 'न्यू लुक'चा स्क्रीनशॉट रेझ्युमेत आहे म्हणे.

अक्षरं फिकट राखाडीच ठेवा, चाळिशीवाल्यांनी वाचायचंच कशाला?

जाऊ दे, नाही जमत मला हा गोडवा. अहो, एक तुटकी लिंक जोडायला दहा मिनिटं लागतात, ती कुणी जोडत नाही. शिळा झालेला अनुवाद कुणी हातात घेत नाही. डोमेनचे, म्हणजे साईटच्या नावाचे पैसे मी खिशातून भरतो, तेव्हा कुणाला सौंदर्यदृष्टी आठवत नाही! पाडायला सगळे पुढे, आणि राडारोडा उचलायला मी? त्या पुल रिक्वेस्टखाली मी सात प्रश्न विचारलेत. आधी त्यांची उत्तरं द्या, मग रंग बदलायला या.