खुलासा: सेक्रेटेरिएट पैदाशीत ‘नापास’ नव्हता

‘१९७३ चा अमेरिकन ट्रिपल क्राउन (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती) जिंकणारा घोडा सेक्रेटेरिएट पैदाशीत सपशेल अपयशी ठरला’ हे वाक्य रेसप्रेमींमध्ये फिरत राहतं. ते चुकीचं आहे, आणि या घोड्यावर अन्याय करणारं आहे.

समज कुठून आला, हे कळण्यासारखं आहे. ६० लाख ८० हजार डॉलर्स, म्हणजे त्या काळचा विक्रमी भाव, मोजून त्याचं सिंडिकेट झालं होतं, म्हणजे पैदाशीसाठी त्याच्या मालकीचे हिस्से विकले गेले होते. बेलमाँट २ मिनिटं २४ सेकंदांत, तब्बल ३१ लेंग्थने (घोड्याच्या लांबीच्या ३१ पट अंतराने) जिंकणाऱ्या घोड्याची पोरंही तशीच धावावीत, अशी लोकांची अपेक्षा होती. तसा दुसरा घोडा झाला नाही. त्याचे मुलगेही पुढे स्टडमध्ये (पैदाशीच्या कामात) फारसे चमकले नाहीत, हे मान्य.

पण त्याची पोरं बघा: रायझन स्टारने १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट, दोन्ही जिंकल्या. लेडीज सीक्रेट १९८६ ची ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरली. किंग्स्टन रूलने १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत मारला. याला अपयश कसं म्हणायचं?

खरी कमाई तर त्याच्या मुलींची. टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, वीकएंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी, सिक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. तिघेही नावाजलेले सायर, म्हणजे पैदाशीचे नर घोडे. वंशावळीत आईकडची बाजू न वाचताच निकाल देणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. १९८९ मध्ये खुरांच्या लॅमिनायटिसने सेक्रेटेरिएट गेला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ‘ब्रूडमेअर सायर’च्या (मुलींच्या पोरांच्या कमाईवरून ठरणाऱ्या) यादीत पहिलं नाव त्याचंच होतं.