महागुरूंना हसा, पण एकदा सुधीरकडे बघा

सचिन पिळगावकरांचा कुठलाही इंटरव्ह्यू आला की खाली कमेंटमध्ये महागुरू महागुरू (डान्स शोमध्ये परीक्षक असताना पडलेलं त्यांचं नाव) करत लोक सुटतात. मीपण हसलोय, खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुक स्वतः करायची हौस आहे त्यांना, ती आहेच. पण काल टीव्हीवर परत 'अशी ही बनवाबनवी' लागला होता आणि यावेळी मी मुद्दाम एक उद्योग केला, सीन कोणाचाही असो, बघायचं फक्त सचिनकडे.

करून बघा एकदा. लिंबू कलरची साडी हा डायलॉग अशोकमामांचा (अशोक सराफ), ते सत्तर रुपयेवालं वाक्य पण मामांचंच, आणि पार्वती झालेल्या लक्ष्याने (लक्ष्मीकांत बेर्डे) तर नुसता धुमाकूळ घातलाय. आता सुधीरचा, म्हणजे सचिनच्या रोलचा, एखादा फेमस डायलॉग सांगा बरं पटकन. नाही ना आठवत? आणि पिक्चरचा डायरेक्टर कोण, तर हाच! साडी नेसून सुधा होतो आणि हशा मात्र बाकीच्यांना वाटून टाकतो. लक्ष्या सुटलेला असताना हा मधे लुडबुड करत नाही, ऐकत राहतो, पण ऐकतानाही सुधाच असतो, पदर, मान, नजर सगळं जागेवर.

मला वाटतं हे लहानपणापासून सेटवर वाढल्यामुळे आलंय. १९६३ चा राजा परांजपेंचा 'हा माझा मार्ग एकला', तेव्हा हे पोर जेमतेम पाच-सहा वर्षांचं. बालकलाकारांचं पुढे काय होतं ते आपण बघतोच, मिसरूड फुटलं की फोन यायचे बंद. याचं तसं नाही झालं. १९७५ ला 'गीत गाता चल'चा हिरो, आणि त्याच वर्षी 'शोले'त अहमद, मोजून काही मिनिटांचा रोल, त्यातही लोकांच्या लक्षात राहिलं ते घोड्यावरून परत आलेलं प्रेत. नंतर 'नदिया के पार', तो तर हिंदीवाल्यांनी डोक्यावर घेतला.

पण माझ्यासाठी खरा धक्का 'कट्यार काळजात घुसली'. २०१५, म्हणजे वय अठ्ठावन्नच्या आसपास, आणि रोल गवई खाँसाहेबांचा, जो मूळ संगीत नाटकात स्टेजवर वसंतराव देशपांडेंनी गाजवलेला. गळा राहुल देशपांडेंचा, वसंतरावांच्याच नातवाचा, आणि चेहरा याचा. तान चालू असताना याचे ओठ नका बघू, डोळे बघा. समोरच्याला मिळालेली दाद सहन न होणं, ती आतली जळजळ, बापरे! स्तुतीला भुकेलेला माणूस त्याने इतका नागडा करून दाखवलाय की इंटरव्ह्यूवाला सचिन आठवून मला जरा कसंतरीच झालं.

'नवरा माझा नवसाचा' घ्या. निम्मा पिक्चर एसटीतला, हिरो हाच, डायरेक्टर हाच, आणि खाल्ला कोणी, तर कंडक्टर झालेल्या मामांनी. खाऊ दिला तो यानेच. २०२४ चा दुसरा भाग मात्र मला नाही झेपला, तिथे मी अर्ध्यात उठून चहा टाकला.