‘झाडं लावा आणि विसरून जा’: पाणवनस्पतींच्या टाकीबद्दलचा हा सल्ला मासे मारतो

मोबाईलवरून मोबाईलवर फिरणारा एक मजकूर गेल्या काही दिवसांत मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: ‘घरात झाडांची मासेटाकी अगदी सोपी. तळाला बागेतली माती, वर वाळू, त्यात रोपं खोचा, पाणी भरा आणि त्याच दिवशी मासे सोडा. झाडं माशांची घाण खातात आणि त्यांना ऑक्सिजन देतात, म्हणून फिल्टर नको, पंप नको. पाणी कधीच बदलू नका, आटेल तेवढंच भरा. टाकी खिडकीत ठेवली की दिवाही नको. खत नको, माशांची विष्ठा पुरते. शेवाळ आलंच तर टाकी रिकामी करून सगळं स्वच्छ धुवा.’

यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही. प्रत्येकात थोडं खरं आहे आणि म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे तळाशी आडवे पडतात, घरातलं मूल रडतं आणि ‘आपल्या हाताला मासे लाभत नाहीत’ म्हणून टाकी माळ्यावर जाते. दोष हाताचा नसतो, सल्ल्याचा असतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘त्याच दिवशी मासे सोडा.’

सगळ्यात जास्त मासे या एका वाक्याने मरतात. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यातच जमा असतात. खडीवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शौकीन मंडळी याला ‘सायकलिंग’ म्हणतात.

यावर उत्तर येतं की झाडं आहेत ना, ती अमोनिया खातील. खातात, हे खरं आहे. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम, म्हणजे अमोनियाचं पाण्यातलं कमी विषारी रूप, आधी उचलतात. पण ते उचलतं वाढणारं झाड. टाकीत झाड असणं वेगळं आणि टाकीत झाड वाढत असणं वेगळं. त्या मजकुराची सगळी चूक या एका फरकात आहे.

विकत मिळणारी बरीच रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पानं हवेसाठी घडलेली असतात. पाण्याखाली गेली की रोप ती टाकून देतं आणि नवी, पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरीन नावाचं रोप लावून बघा. पहिले दोन-तीन दिवस छान हिरवं दिसतं. मग एखाद्या सकाळी पानाची कड भिजलेल्या कागदासारखी पारदर्शक झालेली असते, बोट लावलं की देठ तिथेच विरघळतो. आठवड्याभरात वर काहीच उरत नाही. मी पहिल्यांदा ते उपटून फेकलं होतं. पुढच्या वेळी धीर धरला, तर तिसऱ्या आठवड्यात वाळूतून सुईएवढी, तपकिरी, घट्ट गुंडाळलेली पालवी वर आली. मूळ जिवंत होतं. पण मधल्या तीन आठवड्यांत ते रोप पाणी साफ करत नव्हतं, स्वतःच कुजून अमोनिया वाढवत होतं. मजकूर नेमका त्याच आठवड्यांत मासे सोडायला सांगतो.

आणखी एक गोष्ट, कारण ‘आमच्याकडे तर काही झालं नाही’ म्हणणारे भेटतातच. अमोनियाचं विषारीपण पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. तितकीच रोपं, तितकेच मासे, तरी एका घरात जगतात आणि दुसऱ्या घरात मरतात ते यामुळे. नायट्राइटची तऱ्हा निराळी. ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच निकामी करतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो. आणि हे सगळं काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात चालतं. डोळ्यांना कळत नाही, पाणी तपासायच्या टेस्ट किटला कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्या दिवसापासून रोपं दाट लावा, फिल्टर चालू करा आणि मासे आणू नका. रोपांना नवी पानं फुटलेली दिसली की परीक्षा घ्या. लिटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने, सुगंध किंवा साबण न मिसळलेला अमोनिया टाका. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. त्यानंतरही मासे थोडेथोडेच सोडा.

‘तळाला बागेतली माती घाला.’

मातीच्या टाकीशी डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेचं नाव जोडलेलं आहे आणि ते योग्यच आहे. त्यांची पद्धत मी स्वतः वापरतो. पण मातीचा थर इंचभर, त्यावर खडीचा पातळ थर, सुरुवातीपासून गच्च लागवड आणि मोजके मासे, अशी ती पद्धत आहे. शेणखत, कंपोस्ट किंवा रासायनिक खत मिसळलेली बागेतली माती म्हणजे ती नव्हे. तशी माती पाण्यात अमोनिया सोडते. थर जाड असेल तर आत हवा पोहोचत नाही आणि चिमट्याने टोचल्यावर सडक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे निघतात. तो हायड्रोजन सल्फाइड, मुळांनाही घातक. माती घ्यायची तर खत न मिसळलेली, चाळलेली आणि पातळ थरात घ्या.

‘रोपं खोचा’ हेही सगळ्या रोपांना लागू नाही. अनुबियास आणि जावा फर्न यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की सडतो. ही दोन्ही रोपं लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची.

‘झाडं ऑक्सिजन देतात, फिल्टर-पंप नको.’

देतात, पण उजेडात. दिवा बंद झाला की तीच झाडं माशांबरोबर ऑक्सिजन वापरू लागतात आणि जिवाणूही वापरतात. मुळात पाण्यात ऑक्सिजन मावतो किती? २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. साठा तेवढाच आणि रात्रभर खाणारे अनेक.

माझ्या एका टाकीत झाडांची इतकी गर्दी झाली होती की वाळू दिसत नव्हती. दुपारी पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे लागायचे आणि पाहुणे बघत राहायचे. एकदा पहाटे पाणी प्यायला उठलो आणि सहज टॉर्च मारला. सगळे टेट्रा मासे पृष्ठभागाला तोंड लावून उभे होते, एकही खाली नाही. पाण्यावर साय आल्यासारखा तेलकट पापुद्रा होता. दुपारच्या मोत्यांवरून रात्रीचा अंदाज बांधायचा नसतो, हे मी त्या पहाटे शिकलो. त्या दिवशी एक साधा स्पंज फिल्टर लावला. पृष्ठभाग हलता राहिला, पापुद्रा गेला आणि पुन्हा कधी मासे असे उभे राहिलेले दिसले नाहीत.

पाणी हलतं ठेवणं झाडांसाठीही गरजेचं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. साचलेल्या पाण्यात पानाभोवतीचा कार्बन डायऑक्साइड संपतो आणि दिवा चालू असूनही पान उपाशी राहतं. महागडं यंत्र लागत नाही. पानं मंद डोलतील इतका प्रवाह पुरे.

‘पाणी कधीच बदलू नका.’

ही कल्पना फार जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग मांडला होता: काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती, मासा आणि झाड एकमेकांना जगवतात. ‘समतोल टाकी’ची कल्पना तिथून रुजली. पण त्याच वॉरिंग्टनने हेही नोंदवलं की व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं आणि कुजकं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्यावर ते सुधारलं. म्हणजे पहिल्याच प्रयोगात नुसती झाडं आणि मासे पुरे पडले नव्हते. कल्पना पुढे गेली, गोगलगायी मागे राहिल्या.

आता ‘आटेल तेवढंच भरा’चा हिशेब करू. पाणी आटतं, क्षार आटत नाहीत. साठ लिटरच्या टाकीतून आठवड्याला तीन लिटर पाणी उडत असेल, तर वीस आठवड्यांत तुम्ही आणखी साठ लिटर नळाचं पाणी ओतलेलं असतं आणि टाकीत जवळपास दोन टाक्यांचे क्षार जमलेले असतात. मासे हळूहळू त्याला सरावतात. मग नवीन आणलेला मासा दोन दिवसांत दगावतो आणि लोक विकणाऱ्याला दोष देतात.

उलट, आठवड्याला अर्धं पाणी बदललं तर काय होतं? समजा टाकीत आठवड्याला लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं आणि नळाच्या पाण्यात ते नाही. मग ते कितीही महिने गेले तरी वीसच्या वर जात नाही. जुनी, दाट, मोजक्या माशांची टाकी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी थोडं पाणी बदलूनही भागतं, हे मान्य. पण ती सवलत टेस्ट किट बघून घ्यायची. बदलताना क्लोरीन विसरू नका. साधा क्लोरीन पाणी चोवीस तास उघडं ठेवल्यावर बऱ्यापैकी निघून जातो, क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, मात्र निघत नाही. त्याला डीक्लोरीनेटर, म्हणजे क्लोरीन काढणारं औषधच लागतं.

‘खिडकीत ठेवा.’

खिडकीतलं ऊन आपल्या हातात नसतं. किती तास, किती तीव्र, पाणी किती तापेल, काहीच ठरवता येत नाही. पाणी हिरवं झालं तर ते उन्हामुळेच बहुधा. साधा एलईडी दिवा टायमरवर लावा. पहिले काही आठवडे दिवसाला सहा तास, पुढे फार तर आठ.

‘माशांची विष्ठा हेच खत.’

नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यातून मिळतात. पोटॅशियम आणि लोह बहुधा कमी पडतात आणि झाडाची वाढ जे सगळ्यात कमी आहे त्याच्यावर अडते, बाकी कितीही असो. कशाची कमतरता आहे ते पानंच सांगतात, फक्त कुठलं पान ते बघा. पोटॅशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून ते कमी पडलं की जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवा शेंडा फिकट, पिवळसर येतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. निदान करून थोडंसं खत घाला. ‘खतानेच शेवाळ येतं’ या भीतीने झाडं उपाशी ठेवली की ती दुबळी होतात आणि शेवाळ त्यांच्याच पानांवर बसतं.

‘शेवाळ आलं की सगळं धुवा.’

हा शेवटचा सल्ला ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण इथवर टिकलेली टाकी यात जाते. चार-सहा आठवडे जमलेले जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते खडीवर, लाकडावर, स्पंजमध्ये चिकटलेले असतात. नळाखाली सगळं घासलं की ते गेले. रोपं उपटली की मुळं तुटली, वाढ थांबली. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, फरक एवढाच की आता आत मासे आहेत.

सुरुवातीच्या आठवड्यांत काचेवर येणारा तपकिरी, बोटाने पुसला जाणारा थर बहुतेक वेळा आपोआप जातो. हिरवं, धाग्यांसारखं शेवाळ जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा, दिव्याचे तास कमी करा, कुजकी पानं कापा आणि हायग्रोफिलासारखी भराभर वाढणारी रोपं वाढवा. स्पंज तुंबला तर बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात दोन-तीनदा पिळा, तेवढं बास.

तो मजकूर वाचून कोणी कालच मासे सोडले असतील, तर टाकी मोडू नका. खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर करा. क्लोरीन काढलेल्या, तितक्याच तापमानाच्या पाण्याने रोज तीस-चाळीस टक्के पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजा आणि कुजतं पान दिसलं की लगेच काढा. वर तरंगणारी रोपं सोडा. त्यांची पानं हवेतच असतात, म्हणून ती लावल्या दिवसापासून वाढतात. कोणाकडे निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्यातला वापरात असलेला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, जिवाणूंची वस्ती तयारच मिळेल. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिले की पाणी आठवड्यातून एकदा बदला.